मोकळ्या जागेत कोण लिहून गेलं?

मी तपासणी बोलतेय. गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. मला जन्माला घालणारेच माझं तोंड दाबतात.

रक्त तपासणाऱ्या यंत्राच्या प्रोग्राममध्ये मी राहते. तिथे एक सफाईवाला आहे. काम संपलेली मेमरी तो गोळा करतो आणि नव्या कामाला देतो. त्याने जागा मोकळी केली की मी तिथे कानाकोपऱ्यापर्यंत एकच खूण भरते. जागा पुन्हा देण्याआधी ती खूण पाहते. बिघडलेली दिसली, तर घर सोडून गेलेलं कुणीतरी परत आत लिहून गेलंय हे नक्की. मग मी सगळं काम जागच्या जागी थांबवते.

माझ्यामुळे वेळ तिप्पट लागतो. म्हणून पाहुण्यांना यंत्र दाखवायचं असलं की पहिली गच्छंती माझी. पाहुणे गेल्यावर मला चालू करायचं कुणाच्या बापाला आठवत नाही. आठ महिने मी तशीच पडून होते.

मग एका रुग्णाच्या अहवालावर दुसऱ्याचे आकडे छापले गेले. चाचणीतच, हे नशीब!

"सफाईच्या कोडला शेवटचा हात कुणी लावला?" साहेबांनी विचारलं. सगळ्या माना नव्या मुलीकडे वळल्या.

"सर, मी फक्त..."

"तू फक्त दुसरी नोकरी शोध. शुक्रवारी यंत्र दवाखान्यात जातंय. तोवर चूक सापडली नाही, तर राजीनामा टेबलावर."

शेजारची खुर्ची सरकली तरी दचकणारी पोर ती. तिने मला चालू केलं. पहिल्याच फेरीत मी थांबले. खूण मोडलेली होती. पण मोडली कुणी, ते कळेना. तेव्हा तिने मला मोकळ्या जागांना कुलपंच घालायला लावली, म्हणजे कुणी लिहायला गेलं की तिथेच अडकेल. दुसऱ्या फेरीत चोर हात घालतानाच सापडला.

कोडमधली सात वर्षांपूर्वीची ओळ. साहेबांची! जागेचा पत्ता सफाईवाल्याच्या यादीत न नोंदवता त्यांनी गुपचूप स्वतःजवळ ठेवला होता. सफाईवाल्याला वाटलं, घर रिकामं. त्याने ते दुसऱ्या रुग्णाला दिलं, आणि साहेबांची ओळ तिथेच जुने आकडे लिहीत राहिली.

साहेबांनी पडद्यावरची ओळ वाचली. कान लाल झाले.

"बंद कर ही कटकट. यंत्र कासवासारखं चाललंय."

"तुम्हीच करा ना, सर." तिने कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. "कोडमधल्या प्रत्येक बदलाखाली करणाऱ्याचं नाव पडतं. माझं नको."

मागे कुणीतरी हसू खोकल्यात दडवलं.

साहेब तिच्या खुर्चीत बसले. पत्ता यादीत नोंदवला. शंभर अहवाल छापले. एकही चुकला नाही. बदलाखाली त्यांनी लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'. मग मला बंद केलं, स्वतःच्या नावाने. राजीनाम्याचा विषय पुन्हा निघाला नाही. माफीचाही नाही.

यंत्र आता दवाखान्यात आहे. सुई टोचून घेणाऱ्यांनो, त्या एका ओळीची हमी मी देते. बाकीच्या हजारो ओळींचं मला विचारू नका. मला बंद करणाऱ्याचं नाव तिथे लिहिलेलं आहे, त्याला विचारा.