गच्चीवरच्या गोधड्या

प्रियदर्शनी लेकीला घेऊन गंगाखेडला माहेरी गेली, तेव्हापासून हरिओम पलंगावर निजला नव्हता. दिवाणखान्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर तो बसल्या बसल्या डोळे मिटायचा, आणि मानेवर काही सरकल्यासारखे झाले की दचकून उठायचा. बहुतेकदा तिथे घामाचा थेंब असे. कधी तोही नसे.

सात महिन्यांच्या भक्तीच्या गालावर ढेकणांच्या चाव्यांची एक ओळ उठली, ती चिघळली, लेकराला ताप भरला. प्रियदर्शनीने भांडण केले नाही. तिने भांडण केले असते तर हरिओमला सोपे गेले असते. पिशवी भरता भरता ती एवढेच म्हणाली, "घरातले ढेकूण गेले की सांगा, मी यीन. पण एकदाच यीन. परत लेकराला असं उचलून न्यायची पाळी आली, तर मग मला बोलवू नका."

वसमत रस्त्याच्या आतल्या बाजूला असलेली तुळजाई रेसिडेन्सी ही तीन मजल्यांची इमारत. तिच्यात राहणारी माणसे पालमकडची, पेडगावची, गावाकडे शेती ठेवून लेकरांच्या शाळेसाठी परभणीत आलेली. भिंतीला भिंत लागून होती. एका घरातला ठसका दुसऱ्या घरात ऐकू येई. पण ढेकणांविषयी कोणी ब्र काढत नसे. ढेकूण म्हणजे घरच्या बाईच्या हातावरचा डाग. त्यामुळे ते बहुतेकांकडे होते आणि कोणाकडेच नव्हते.

हरिओमने एकट्याच्या घरात औषध मारून पाहिले होते. पंधरवडाभर घर शांत राहिले. मग गादीच्या शिवणीत पुन्हा ते काळे ठिपके दिसले, पुन्हा तो गोडसर, कुबट वास आला. औषध मारणारा भुजंग हसून म्हणाला होता, "साहेब, तुमच्याकडून उठले आन शेजारी पाहुणे गेले. पाहुणचार संपला की घरी आले. समद्या बिल्डिंगीत एकाच दिवशी मारल्याबिगर न्हाई जायचे."

एकाच दिवशी सगळी दारे उघडायची, म्हणजे प्रत्येक दारावर जाऊन बोलायचे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या सोबतीने दिवस काढणाऱ्या हरिओमला ते डोंगराएवढे होते. चार वाक्ये मनात जुळवून तो आधी सोसायटीचे अध्यक्ष बन्सीधर सरांकडे गेला.

"ढेकूण? आमच्याकडं?" सर मांडी खाजवत म्हणाले. "न्हाई बुवा. आमचं रगत कडू हाय. उगं चाखून बघत्यात आन माघारी जात्यात."

"सर, मग निदान दार तरी उघडं ठेवा."

"ठिवतो की. पण आमच्या घरात सापडले असं कुटं म्हणू नगंस."

वाट निघाली ती केशरबाईंमुळे. वरच्या मजल्यावरच्या या पालमच्या बाई; इमारतीतल्या सगळ्या बायकांत त्यांचा शब्द चाले. जिन्यात हरिओमची उतरलेली चर्या पाहून त्यांनी त्याला थांबवले, आणि त्याची चार वाक्ये पुरी व्हायच्या आतच निकाल दिला.

"आरं, घट बसायच्या आत समद्यांना दसरा काढायचाच हाय. घर झाडायचं, भांडीकुंडी घासायची. तवाच तुझं औषध मारून टाक. ढेकणाचं नाव कशाला काढतूस? दसरा काढायलाव म्हन की."

खरेच, ढेकणाचे नाव न काढता सगळी दारे उघडली. कोणीही नाही म्हटले नाही.

आदल्या दिवशी भुजंगने फोनवर बजावले, "एक गोष्ट समद्यांना सांगा. अंथरूण-पांघरूण घराबाहेर काढायचं न्हाई. पिशव्यांत बांधून त्याच घरात ठिवायचं, मी त्याच्यावरबी मारतो. भाईर गेलं की केलेलं पाण्यात."

हरिओमने दारोदार जायला हवे होते. तो जिन्यापर्यंत गेलाही. वरून बायकांच्या हसण्याचा आवाज आला आणि त्याचे पाऊल अडखळले. खाली येऊन त्याने तो मजकूर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, शुद्ध भाषेत, नीट परिच्छेद पाडून. पाठोपाठ अंगठे उमटत गेले. त्याला हायसे वाटले. ग्रुपवर फक्त घरमालक होते, आणि घरमालक म्हणजे सगळे पुरुष होते, हे त्याच्या ध्यानात आले नाही.

दुसऱ्या दिवशी रजा घेऊन तो भुजंगबरोबर घरोघर फिरला. पलंगाच्या सांध्यांत, चौकटींच्या फटींत, विजेच्या बटणांच्या पाट्यांमागे औषध मारले जात होते आणि त्याला वाटत होते, दर घरागणिक आपली लेक एकेक पाऊल जवळ येते आहे. घरे लख्ख होती. पलंग उघडे, कोपरे मोकळे.

दुसऱ्या मजल्यावर भुजंग थबकला. "साहेब, खालीबी दिसलं न्हाई, हितंबी न्हाई. ह्यांची अंथरुणं कुठंयत?"

हरिओम गच्चीकडे धावला.

ऊन नुकतेच तापू लागले होते. कठड्यावर, पाण्याच्या टाकीवर, तारांवर, फरशीवर, जिकडे पाहावे तिकडे गोधड्या होत्या. जुन्या लुगड्यांचे काठ, कुणाच्या लग्नातल्या शालूचा तुकडा, लेकरांच्या झबल्यांची ठिगळे. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. या घरची त्या घरच्या गादीला टेकलेली. बायका काठ्यांनी धूळ झटकत होत्या, एकमेकींच्या गोधड्यांची टोके धरून पिळत होत्या. इतके सुंदर काही त्याने या इमारतीत कधी पाहिले नव्हते, आणि कोणत्या घरचे टोक कोणत्या घराला टेकले आहे, ते तो मोजत गेला.

"बघ लेकरा," केशरबाई पदराने घाम पुसत म्हणाल्या, "समद्यांचा दसरा एकदमच निघायलाय!"

"काकू, अंथरुणं बाहेर काढायची नव्हती. मी ग्रुपवर टाकलं होतं."

"म्या हाय व्हय तुझ्या गुरूपात? आन गोधड्या काय बाप्ये धुतेत? मला येऊन सांगायला तोंड न्हवतं का?"

भुजंग नळी घेऊन वर आला. "मावशी, हितंच मारतो ह्याच्यावर."

"हात लावू नगंस!" केशरबाई आडव्या झाल्या. "आत्ता धुतल्यात. त्याच्यावर लेकरं निजतेत. तुझ्या औषधाचा वास काय जलमभर जायचा न्हाई."

भुजंगने हरिओमकडे पाहिले. साऱ्या बायकाही पाहू लागल्या. त्या क्षणी ओरडायला हवे होते, हात जोडायला हवे होते, पाय धरायला हवे होते. हरिओमच्या ओठांवर आले ते दोनच शब्द: "राहू द्या."

संध्याकाळी गोधड्यांच्या घड्या झाल्या आणि त्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. कोणाचे काय कोणाबरोबर गेले ते दिसण्याजोगे नव्हते. बन्सीधर सरांनी ग्रुपवर सर्वांचे अभिनंदन केले. प्रियदर्शनीचा फोन आला.

"झालं ना सगळं?"

"झालं," हरिओम म्हणाला. औषध सगळीकडे मारून झाले होते, हे खरे होते.

"मग मी अष्टमीला येते."

ज्या घरात कधीच ढेकूण नव्हते, तिथून पहिली बोंब आली. मग केशरबाईंच्या नातवाच्या पाठीवर ओळ उठली. आता मात्र सगळे मोकळेपणाने बोलू लागले; लाज संपली होती, कारण दोषी सापडला होता. "हरिओमनं समद्यांना परसाद वाटला," बन्सीधर सर जिन्यात म्हणाले, आणि कुणीतरी खो खो हसले. केशरबाई हसल्या नाहीत, पण त्याला पाहून त्यांनी दार लावून घेतले.

हरिओमने आपल्या घरात उकळते पाणी ओतले, रॉकेल फिरवले, गादी खाली नेऊन जाळली. रोज तो फोन हाती घेई, वाक्य जुळवी आणि फोन ठेवून देई. अजून चार दिवस आहेत, कदाचित जातील. अजून दोन आहेत. अष्टमीच्या सकाळी त्याने भक्तीसाठी धुऊन ठेवलेली झोळी उलगडली. घडीच्या आत, अगदी मधोमध, एक लालसर ढेकूण निवांत बसला होता.

त्याने गंगाखेडला घरी फोन लावला. "गाडीत बसलेत," पलीकडून सासू म्हणाल्या. "पोरगी आज लई खुशीत हाय."

प्रियदर्शनीला गाडीत फोन लागेना. तो स्टेशनवर पोहोचला तेव्हा पॅसेंजर फलाटाला लागत होती. गर्दीतून ती उतरली. खांद्यावर पिशवी, कडेवर लेक. भक्तीचा गाल गुळगुळीत झाला होता. डाग शोधूनही सापडला नसता. बापाला ओळखून तिने दोन्ही हात पसरले.

हरिओमचे हात पुढे आले. मग त्याची नजर आपल्या सदऱ्याच्या शिवणीवर गेली, बाहीच्या घडीवर गेली, आणि तो एक पाऊल मागे सरला.

वाटेत जुळवलेले एकही वाक्य त्याला बोलावे लागले नाही. प्रियदर्शनी त्या मागे सरलेल्या पावलाकडे पाहत राहिली.

"मला फोनवर का नाही सांगितलं?" तिने हळूच विचारले.

"वाटलं, जातील."

लेक अजून हात पसरून होती, आता कुरकुरू लागली होती. प्रियदर्शनीने तिचे हात हलकेच मिटवून छातीशी धरले आणि गंगाखेडची परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारायला ती तिकीट खिडकीकडे निघाली.

हरिओम तिच्यामागून चालत राहिला, लेकीपर्यंत त्याचा हात पोहोचणार नाही एवढे अंतर राखून.