भोंग्यावरचं नाव

"आचान, तीस वर्षांत तुम्ही नक्की किती जणींना वाचवलंत?"

प्रश्न विचारला मीच. शाळेच्या सभागृहात, माइक हातात घेऊन, चारशे मुलींसमोर. पण तो माझा नव्हता. माझ्या मैत्रिणीनं, तांग्मोनं, बर्फाच्या चहाची पैज लावली होती. "तुझीच मावशी आहे ना? मग विचारून दाखव," म्हणाली. सहा महिन्यांपूर्वीची मी असते तर खुर्चीखाली घुसले असते. पण या वर्षी माझ्यात काय शिरलंय कोण जाणे, माइक दिसला की हात आपोआप पुढे जातो.

व्यासपीठावर अरुनीमावशी उभी होती. विद्यापीठात आणि बाहेरही तिला सगळे आचान म्हणतात, म्हणजे गुरुजी. गर्भाशयाच्या कॅन्सरविरुद्धची जी इंजेक्शनं पाचवीत द्यायची राहून गेली होती ती आता आम्हाला मिळणार होती, म्हणून ती माहिती द्यायला आली होती. सप्टेंबरअखेर निवृत्त होणार, त्यामुळे खोन केन शहरातल्या शाळांतलं तिचं हे शेवटचंच भाषण. बोलता बोलता ती दोनदा टेबलाला टेकली होती.

मुली खिदळल्या. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की आता घरी चिठ्ठी जाणार.

मावशीनं चष्मा काढून ब्लाउजच्या टोकानं पुसला. म्हणाली, "किती वाचल्या ते मला माहीत नाही. किती हरवल्या ते माहीत आहे. सतरा."

खिदळणं थांबलं. पैज मी जिंकले होते, पण तो चहा मी अजून प्यायलेली नाही.

परतताना मी तिच्या जुन्या पिकअपमध्ये बसले. सिग्नलला ती म्हणाली, "कप्प्यात वही आहे. काढ."

निळ्या पुठ्ठ्याची वही. १९९५ साल. एकाच गावातल्या दोनशे बारा बायकांची नावं, मावशीच्या तरुण, टोकदार अक्षरात. सतरा नावांभोवती लाल गोल.

मावशीचं काम मला तोंडपाठ आहे, जेवताना तेच ऐकत मी मोठी झाले. एचपीव्ही हा विषाणू बहुतेक बायकांना कधी ना कधी होतो आणि बहुतेकींचा आपला आपण जातो. काहींच्या अंगात मात्र तो ठाण मांडून बसतो, आणि दहा-पंधरा वर्षांनी गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर होतो. काहींच्याच का? त्यांच्या जनुकांत असं वेगळं काय असतं? त्या एका 'का'मागे तिनं तीस वर्षं घातली. लग्न राहिलं, घर राहिलं, डोळे अधू झाले. उत्तराचा एक तुकडा सापडला, उरलेले दुसऱ्या देशांतल्या दुसऱ्या लोकांना सापडले.

"या सतरा जणींचा विषाणू गेला नव्हता," ती म्हणाली. "मी पत्र पाठवलं. तपासणीत दोष दिसतोय, घाबरू नका, पुढची तारीख कळवते. तीन महिन्यांनी तारीख ठरली. दुसरं पत्र पाठवलं, तर सतराच्या सतरा परत. या नावाची व्यक्ती नाही."

"मग?"

"मग मी स्वतः गेले. सरपंचाच्या भोंग्यावरून नावं वाचली. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ. एकही बाई आली नाही. सरपंच म्हणाला, बँकॉकला कामाला गेल्या असतील. मला पटलं. पटवून घेतलं म्हण." हिरवा दिवा लागला, तरी ती थांबूनच होती. मागून हॉर्न वाजला. "छापलेल्या लेखात त्यांची एक ओळ आहे. संपर्क तुटला, सतरा."

"शनिवारी जाऊया?" मी म्हणाले.

"तीस वर्षांनी?"

"तू रिटायर होतेयस, मला शाळा नाही. अजून काय पाहिजे?"

त्या आठवड्यात आमच्या घरी वेगळंच चाललं होतं. फेब्रुवारीत स्कूटरवरून पडून माझा हात मोडला, एप्रिलमध्ये गणितात नापास झाले. तेव्हापासून आईनं मनाशी घेतलं होतं की दोष माझ्या नावात आहे. देवळातल्या भिक्षूंनी पत्रिका पाहून तीन नवी नावं काढून दिली होती. सोमवारी अम्फेच्या, म्हणजे तालुक्याच्या कचेरीत जाऊन माझं कागदावरचं 'कन्यावी' पुसायचं. हाकेचं नाव चोम्पूच राहणार होतं, ते कुणाचंच बदलत नाही. आईनं स्वतःचं नाव तीनदा बदललंय. दोन बाळं पोटातच गेली, तिसऱ्या नावानंतर मी झाले. त्यामुळे या विषयावर आमच्या घरी कुणी हसत नाही. मलाही नवं नाव हवंच होतं. त्यातलं एक तर मी वहीवर सही करून पाहिलंही होतं.

शनिवारी गावात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. आरोग्यसेविका ओयकाकू खांबांवरच्या घराखाली बांबूच्या ओट्यावर पपई किसत बसली होती. वय चाळिशीचं, आवाज दोन शेतं ओलांडून जाईल असा.

"बसा आचान, बसा. पोरगी तुमची?"

"भाची."

"नाक तुमचंच आहे. भात खाल्लात का? नसेल तर आधी खा, मग बोला."

खाऊन झालं. मावशीनं वही उघडून नावं वाचली. ओयकाकू प्रत्येकाला मान हलवत गेली. नाही. नाही. ऐकलं नाही. मावशीनं वही मिटली. तिचे खांदे असे उतरले की वाटलं, आता ती इथेच ओट्यावर आडवी होणार.

मी काही मोठा विचार केला नव्हता. डोक्यात सोमवार होता, इतकंच.

"काकू, यांतल्या कुणी नाव बदललं असेल का?"

ओयकाकू हसायलाच लागली. "अगं, अर्ध्या गावानं बदललंय. मी लहान होते तेव्हा तर देवळासमोर रांगच लागली होती. इस्पितळाचं कसलंतरी पत्र आलं, अंगात दोष निघाला म्हणून. बाया रडत रडत भिक्षूंकडे गेल्या. ते म्हणाले, जुनं नाव टाका, दोष त्याच्याबरोबर जाईल..."

बोलता बोलता ती थांबली. तिनं मावशीकडे पाहिलं.

मावशी वहीकडे बघत होती. "माझं पत्र," ती म्हणाली. अगदी हळू. "माझ्या पहिल्याच पत्रानं."

मग ओयकाकूनं तिच्या हातून वही घेतली आणि या वेळी नावांपुढचे घरांचे नंबर पाहून बोट फिरवलं. ही मोठी नोई, गेली. ही केत, गेली. ही माझी मामी, तिच्या दुखण्यात मीच होते. मी पेन्सिल धरून बसले होते, तिचं हसू केव्हाच संपलं होतं. अकरा गेलेल्या. दोघी मुलांकडे परगावी. चौघी गावात.

"आपल्या घरातच," मावशी म्हणाली, "माझ्या सख्ख्या बहिणीनं तीनदा नाव बदललं. मी तिच्याबरोबर कचेरीत गेले होते. आणि मला हे सुचलं नाही."

मी तिच्या वाटीत आणखी थोडा भात घातला.

चौघींतली पहिली दोन घरं सोडून राहायची. तिमआजी. ओसरीवर बसून कांद्याच्या पातीच्या गड्ड्या बांधत होती. ओयकाकूनं सगळं सांगितलं. आजीनं ते ऐकलं, गड्डी पुरी बांधली, सुतळी दातानं तोडली.

"भोंग्यावर ऐकलं होतं मी," ती म्हणाली. "तिन्ही दिवस. शेतात होते. नवं नाव घेऊन महिना झाला होता. भिक्षूंनी बजावलं होतं, टाकलेल्या नावाला ओ द्यायची नाही, दिली की दोष माघारी येतो. म्हणून खाली बसले आणि कानांवर हात ठेवले. शेजारच्या वाफ्यात केत होती, तीही बसली."

मावशी ओसरीच्या पायरीवर गुडघे टेकून बसली होती. "पुढे त्रास झाला?"

"झाला की. आठ वर्षांनी रक्त जायला लागलं. जिल्ह्याला पिशवी काढली. मी वाचले. केतनं उशीर केला." आजीनं मान तिरकी करून मावशीकडे निरखून पाहिलं. "नावं वाचणारी तू होतीस? आवाज कोवळा होता गं. मला वाटायचं, कुणाची पोर एवढी जीव तोडून हाका मारतेय."

मावशीनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि वाकली. बराच वेळ वर आली नाही. आजीनं तिचे हात धरून खाली आणले. "पुरे. गुडघे दुखतील. तुझंही वय झालंय."

मग म्हणाली, "वाच आता."

"काय?"

"माझं नाव. वहीत असेल ना? आता मला कसली भीती."

मावशीनं वही उघडली. चष्म्यावर वाफ आली होती, पुसून पुन्हा घातला. "श्रीमती बुन्लोम सीहा," तिनं वाचलं.

"ओ," आजी म्हणाली.

उरलेल्या तिघींची घरं अंधार पडायच्या आत झाली. परतीच्या रस्त्यात मावशीनं गाडी बाजूला घेतली, लाल गोलांपैकी चारांवर बरोबरची खूण केली, अकरांसमोर ओयकाकूनं सांगितलेली हाकेची नावं लिहिली. "दोघी राहिल्या," म्हणाली. "त्यांच्यासाठी सप्टेंबर पुरेल."

घरी पोचले तेव्हा आई-बाबा जेवायला बसले होते. आईनं ताटाशेजारी तीन नावांचा कागद ठेवला होता, मधल्याखाली रेघ ओढून. "ये, बस. हे मधलं तुला शोभतं. बाबांनाही आवडलंय."

मी हात धुतले. दप्तरातून इंजेक्शनचा फॉर्म काढला आणि तिच्या कागदावर ठेवला.

"यावर सही करा," मी म्हणाले. "आणि आई, सोमवारी मी कचेरीत येणार नाही. नाव बदलायचं नाही मला."

बाबांनी घास हातातच धरला. आईचा चेहरा पडला. तिला काय काय आठवलं असेल ते मला माहीत होतं, म्हणून मी तिच्याजवळ सरकून बसले.

"चोम्पू, तुझ्या भल्यासाठीच..."

"माहीत आहे गं. पण दुसरा डोस सहा महिन्यांनी आहे. तेव्हा ते याच नावानं हाक मारतील. मला ओ द्यायचीय."

आईनं फॉर्म उचलला. माझं नाव बोट ठेवून सावकाश वाचलं, आणि बाबांकडे पेन मागितलं.