ताडीच्या यीस्टची आडवाट

शैला मॅडम भिंतीवरच्या नकाशापुढे उभ्या राहिल्या, तेव्हाच कीर्तीला कळलं की आता तुटक रेघेचा विषय निघणार.

पालघरच्या त्या कॉलेजातली प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक कुरकुरणारा एसी. पण भिंतीवरचा नकाशा मात्र छतापासून जमिनीपर्यंत होता. तो गावांचा नव्हता, ताडीतल्या यीस्टच्या एका पेशीचा होता. प्रत्येक प्रथिनाला एक गोल, आणि दोन प्रथिनांचा एकमेकांशी व्यवहार असेल तर मध्ये रेघ. कोणतं जनुक कोणाला जागं करतं, कोण कोणाला गप्प बसवतं, सगळं त्या रेघांवरून वाचता यायचं. नुसती जनुकांची नावं पाठ करून पेशी कशी जगते ते कळत नाही; कोणाचं कोणाशी कसं आहे ते बघावं लागतं. कीर्तीची दोन वर्षं त्यात गेली होती.

"ही एवढी काढून टाक," मॅडम म्हणाल्या. "बाकी शोधनिबंध उत्तम आहे. सोमवारी पाठवून देऊ."

नकाशाच्या मधोमध एक मोठं प्रथिन होतं. पेशीच्या बाहेरच्या भिंतीची डागडुजी त्याच्या हुकमाने चाले. ते औषधाने बंद पाडलं की पेशी मरायची. कीर्तीचं म्हणणं होतं की मरायलाच हवं असं नाही. बाजूने एक आडवाट आहे, एका किरकोळ दिसणाऱ्या प्रथिनातून जाणारी. ती तुटक रेघ म्हणजे ही आडवाट. पण औषध घातलेल्या डिशमध्ये ताडी पसरली की प्रत्येक वेळी डिश कोरीच राहायची.

"आकडेमोडीत वाट दिसतेय, मॅडम."

"आकडेमोडीत मला बोईसरहून डहाणूला जायला समुद्रातूनही वाट दिसते," पलीकडून प्रणव म्हणाला. कॉम्प्युटरचं सगळं काम त्याच्याकडे, आणि टोमणे मारायचंही.

मॅडम हसल्या नाहीत. "कीर्ती, ही रेघ तू कधी काढलीस ते मला माहीत आहे. आधी तुझी एकही रेघ पुराव्याशिवाय नव्हती."

रेघ काढली तेव्हा कीर्तीचे बाबा, शांताराम, केळव्याच्या घरात शेवटच्या आजारात पडून होते. ते झोपले की ती खाटेशेजारी लॅपटॉप उघडून बसायची. ते गेल्याला आता चार महिने होत आले. आपल्याला तेव्हा खरोखर काही दिसलं होतं, की एक वाट बंद झाली तरी दुसरी असतेच असं कोणीतरी सांगावं म्हणून आपणच ती काढली, हे तिला ठरवता येत नव्हतं. आपल्या डोक्यावरचा भरवसाच तिने हरवला होता, आणि मॅडमना ते दिसत होतं.

"सोमवारपर्यंत थांबा," ती म्हणाली. "एक नमुना अजून लावलाय."

हा नमुना तिने स्वतः आणला नव्हता. एरवी ती पहाटे केळव्याच्या वाडीत जाऊन रामाने ताडावरून उतरवलेल्या मडक्यातली ताडी बाटलीत भरून घ्यायची. या खेपेला तिला ताप होता, म्हणून दमयंती काकीने रामाला सांगून बाटली भरून ठेवली होती.

शनिवारी सकाळी कीर्तीने डिश उघडली आणि तशीच खाली ठेवली.

"प्रणव, इकडे ये जरा."

डिशमध्ये शाबुदाण्यापेक्षाही बारीक पांढरे ठिपके होते. थोडे होते, पण होते.

"काहीतरी बाहेरचं पडलंय," प्रणव म्हणाला. "शिंकलीस का? तापात होतीस."

"माझ्या शिंकेतून यीस्ट येत नाही."

त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ तो हटवला नाही. "यीस्टच आहे," तो म्हणाला, आणि पुढे टोमणा मारायचं विसरला.

मग याच नमुन्यातलं यीस्ट का जगलं? तेच झाड, तोच रामा, तेच औषध. कीर्तीने स्कूटर काढली आणि जवळच्या माहीम गावावरून थेट केळव्याला आली. काकी ओटीवर नारळ सोलत होती.

"काकी, परवाची ताडी कुठल्या झाडाची होती?"

"नेहमीच्याच." काकीने मान वर केली नाही.

"मग वेगळं काय केलंत?"

"मी काय करणार, बाय? मला काय कळतं त्यातलं?"

"काकी."

काकीने नारळ बाजूला ठेवला. "ती ताडी नव्हती. नीरा होती. रामाला मीच सांगितलं, मडक्याला आतून चुना लाव नि मग बांध. हवं तर बोल मला."

"पण मी ताडी सांगितली होती!"

"सांगितलीस, नि तू आणायचीस तेव्हा मी कधी बोलले? वाडीतून परस्पर न्यायचीस. या खेपेला घरातून जायची होती. भावजींचं वर्ष व्हायचंय अजून, आनि आमी घरातून ताडी भरून पाठवायची? ती पण कॉलेजात, डॉक्टरीण मॅडमला? काय म्हणेल ती बाई, शांतारामची पोर दुखवट्याच्या घरातून काय घेऊन आली? नीरा कशी, देवळातसुद्धा चालते."

कीर्ती ओटीच्या पायरीवर बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. काकी आधी घाबरली, मग रागावली, मग तीही हसू लागली, कशाला ते न कळता.

"चुना," कीर्ती मध्येच म्हणत होती. "काकी, चुना."

रस आंबू नये म्हणून नीरेच्या मडक्याला चुना लावतात. बहुतेक यीस्ट त्यात मान टाकतं. जे उरतं, ते रात्रभर चुन्याशी झगडून उरलेलं असतं. संकटात पडलेल्या पेशीने आडवाट आधीच उघडलेली असेल, तर मोठं प्रथिन बंद पडल्यावर तिला थांबायचं कारण नव्हतं. सुखात वाढलेल्या ताडीतल्या पेशींना ती वाट उघडायची वेळच आली नव्हती.

पण एका डिशवर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. कीर्तीने मॅडमना फोन करून आठवडाभराची मुदत मागितली. रामाने एकाच ताडाला दोन मडकी बांधली, एक चुन्याचं आणि एक साधं. दोन्ही नमुने औषधाच्या डिशमध्ये गेले. तिसऱ्या डिशमध्ये चुन्यातल्याच पेशी, पण त्यांचं ते किरकोळ प्रथिनही दुसऱ्या औषधाने बंद केलेलं. वाट खरी असेल तर पहिल्या डिशमध्ये ठिपके यायला हवेत, उरलेल्या दोन कोऱ्या.

डिश उघडायच्या सकाळी मॅडम कोळगावची मीटिंग सोडून आल्या. प्रणव नखं खात होता.

साधी ताडी: कोरी.

दोन्ही वाटा बंद: कोरी.

चुन्याची डिश कीर्तीने मॅडमच्याच हातात दिली. त्यांनी झाकण काढलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि डिश खिडकीपाशी नेली. काठापासून काठापर्यंत ठिपके होते.

"पुन्हा एकदा लावू," मॅडम म्हणाल्या. आवाज कोरडा ठेवायचा त्यांचा प्रयत्न साफ फसला होता. "दोनदा लावू. आणि रेघ पक्की कर."

"कृतीत काय लिहायचं?" प्रणवने विचारलं. "नमुना काकीने अब्रूच्या भीतीने बदलला?"

"चुना लावलेलं मडकं, एवढंच लिही," मॅडम म्हणाल्या. "आभारात मात्र दमयंतीबाईंचं नाव पूर्ण घाल."

पुढच्या दोन्ही खेपांना डिश तशाच आल्या. त्या रविवारी सकाळी मॅडम आणि प्रणव केळव्याला आले. काकीने सुपारीच्या सावलीत सतरंजी घातली, थंडगार नीरेचे पेले भरले आणि मॅडमना तीन वेळा सांगितलं की ही नीराच हाय, दुसरं काय नाय.

प्रणव रामामागे ताडाकडे गेला, तेव्हा कीर्ती हळूच म्हणाली, "मॅडम, ती रेघ मी बाबा झोपलेले असतानाच काढली होती."

"माहीत आहे. म्हणूनच मी भ्यायले होते."

"मीही."

मॅडमनी पेला खाली ठेवला. "झोप लागायची का त्यांना?"

"लागायची. मध्येच जागे झाले की विचारायचे, तुझं यीस्ट कसं आहे? शेजाऱ्याची चौकशी करावी तसं." बाबांबद्दल ती कोणाशी इतकं बोलली नव्हती, आणि बोलता येत होतं. "चहात साखर कमी पडली की म्हणायचे, सगळी तुझ्या त्या पाळलेल्यांना घालतेस वाटतं."

मॅडम मोठ्याने हसल्या. "अजून सांग," त्या म्हणाल्या.

ताडाखालून प्रणव ओरडून विचारत होता, मी चढून बघू का, आणि काकी त्याहून मोठ्याने नको म्हणत होती. कीर्ती सतरंजीवर मांडी घालून नीट बसली आणि सांगू लागली.