मोहनाताईंचं कैलास लेणं

मोहनाताईंची तीस वर्षं बडोद्याजवळच्या नंदेसरीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. निवृत्त झाल्यावर त्या वेरूळ बघायला गेल्या आणि कैलास लेण्यासमोर आ वासून उभ्या राहिल्या. एवढं थोरलं देऊळ, तेही एकाच दगडातलं, कळसाकडून खाली कोरत आणलेलं!

"मीही एक करणार," बडोद्याला परतताना त्यांनी गाडीतच जाहीर केलं.

"आधी बटाट्यावर हात बसव," त्यांचे यजमान जगदेवराव म्हणाले.

ताईंनी खरंच बसवला. सुभानपुऱ्यातल्या त्यांच्या घरी आठवडाभर फसलेल्या देवळांची भाजी झाली. मग पादरा गावाच्या रस्त्यावरच्या दगडवाल्याकडून विटेएवढा मऊ दगड आला आणि गॅलरीत खरवड सुरू झाली. चार महिन्यांत शिखर उतरलं, खांब उतरले. अंगणातला हत्ती कोरताना मात्र पटाशी सटकली आणि सोंड तुटून खाली पडली.

जगदेवराव गोंदाची ट्यूब घेऊन धावले. "चिकटवून टाक. कोणाला दिसतंय?"

"मला दिसेल ना! जोड दिल्यावर एकच दगड कसा राहील?"

ताईंनी दगडावर टॉवेल टाकला तो टाकलाच. दोन दिवस गॅलरीत फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी शेजारच्या निरुपमाबेन विरजण मागायला आल्या आणि त्यांनी सहज टॉवेल उचलला.

"अरे वाह! आ तमे बनाव्युं?" मग वाकून त्यांनी हत्ती न्याहाळला. बडोद्यातल्या मराठी शेजारात जन्म गेल्यामुळे मराठी त्यांना छान येई. "पण याचं डोकं केवढं मोठं ठेवलंय हो!"

मोहनाताई चमकल्या. डोकं मोठं, म्हणजे त्यात अजून दगड शिल्लक होता! त्यांनी चष्मा चढवला आणि अख्खा हत्तीच लहान करायला घेतला. पाठ उतरवली, पाय बारीक केले आणि त्या जास्तीच्या डोक्यातून छातीशी मुडपलेली नवी सोंड काढली. संध्याकाळी हत्ती सुपारीएवढा उरला, पण सोंडेसकट उभा.

"पिल्लू झालं की गं त्याचं," जगदेवराव म्हणाले.

"होऊ दे. जोड नाही ना कुठे?" ताई खुदकन हसल्या. भुवयांवर पांढरी भुकटी बसली होती.

निरुपमाबेन विरजण विसरून तिथेच बसल्या होत्या. "मने पण शीखवशो?" त्यांनी हळूच विचारलं.

सोमवारपासून गॅलरीत दोघी खरवडू लागल्या. जगदेवराव चहा आणून देत, कपांवर आठवणीने बश्या झाकून.