तुटक रेघ

“होडीनेच जायचं, आई. मधे नुसता कडा आहे. तुझे गुडघे चालणार आहेत का तिथून?” लेकीने नकाशावर बोट आपटलं.

“बोट उचल. घाम लागतो कागदाला,” नकाशेबाई म्हणाल्या.

हे त्यांचं कार्यालयातलं नाव. निवृत्त होऊन सहा महिने झाले तरी ते चिकटून होतं. छत्तीस वर्षं त्यांनी त्या रानटी, डोंगराळ किनाऱ्याचे नकाशे काढले. विमानातून घेतलेले फोटो भिंगाखाली धरायचे आणि डोंगर, ओढे, पायवाटा शाईने कागदावर उतरवायच्या. तिथला खडक न् खडक त्यांना पाठ होता, पण तिथे पाऊल म्हणून ठेवलं नव्हतं. आता जेवणाच्या टेबलावर सहलीचा बेत चालला होता आणि पहिल्याच दिवशी गाडं अडलं होतं.

“मी चालतच जाणार.”

“एवढा हट्ट कशाला पण?”

शेवटी बाईंनी सांगून टाकलं. एका फोटोत नेमका त्या कड्यावर ढग आला होता. अलीकडे पायवाट दिसत होती, पलीकडेही दिसत होती. दुसरा फोटो मागवायला हवा होता, पण नकाशा त्याच दिवशी छपाईला जायचा होता. माणूस कुठून गेला असता याचा विचार करून त्यांनी दोन्ही टोकं जोडली. पायवाट तुटक रेघेनेच दाखवतात, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. पुढच्या प्रत्येक आवृत्तीत ती रेघ तशीच उतरत गेली.

“एवढीशी रेघ, पण एकोणतीस वर्षं जिवाला घोर आहे,” त्या म्हणाल्या. “तिच्या भरवशावर कुणी गेलं असेल, अडकलं असेल. मला डोळ्यांनी बघायचंय.”

सहलीसाठी जिथे खोली घेतली होती त्या घरमालकाला लेकीने फोन लावला आणि स्पीकर सुरू करून टेबलावर ठेवला.

“कड्यावरून वाट आहे का हो?”

“आहे की. शाळेची पोरं रोज जातात.”

“पहिल्यापासून?” बाईंनी फोनकडे वाकून विचारलं.

“छे. पूर्वी तिथं शेळीसुद्धा जात नव्हती. मग पाठीवर पिशव्या अडकवलेले भटके यायला लागले. नकाशात वाट आहे म्हणायचे. आम्ही हसायचो. पण शोधत शोधत गेले, झुडपं तोडली आणि पडली वाट. बरं झालं बघा. समुद्र खवळला होता तेव्हा माझ्या बायकोला बाळंतपणासाठी त्याच वाटेने नेलं, खुर्चीत बसवून.”

बाईंचे डोळे भरून आले. इतका आनंद त्यांना निरोप समारंभातही झाला नव्हता.

“मधे आतल्या बाजूने वळसा आहे ना?”

“आहे. तुम्हाला कसं ठाऊक?”

“मीच काढलीय ती,” नकाशेबाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर लेकीने होडी रद्द केली. मग खाली वाकून ती त्या तुटक रेघेवरून सावकाश बोट फिरवू लागली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. या वेळी तिला बोट उचलायला कुणी सांगितलं नाही.