पेन्सिलीत राहिलेलं नाव

मित्रांनो, माझ्या पोटात नव्वद मिनिटं मावतात. एका बाजूला पंचेचाळीस, दुसऱ्या बाजूला पंचेचाळीस. तुमच्यापैकी कित्येकांनी माझ्यासारखी जुनी कॅसेट हातातही घेतली नसेल. राग नाही. ज्यांनी घेतली, त्यांच्यातल्याच एकाने माझा घात केला.

मला गिल्बर्टने अंधेरी स्टेशनजवळच्या दुकानातून आणलं. तो आंबोली गावठाणातला, दिवसभर कारखान्यात लेथ चालवणारा माणूस. रेडिओवर जॅझ लागलं की तो हात पुसत धावायचा आणि टेपरेकॉर्डरचं बटण दाबायचा. पण नेहमी उशिरा! निवेदकाने नाव सांगून झालेलं असायचं. त्यामुळे माझ्या पोटात सुंदर सुंदर ट्यून जमल्या आणि एकीचंही नाव कोणाला ठाऊक नव्हतं.

मग रविवारी चर्चमधली मिसा आटोपली की गिल्बर्टच्या पडवीत त्याचे मित्र जमायचे. मला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. कोणी म्हणायचा, हा सॅक्सोफोन मी ओळखतो. दुसरा म्हणायचा, तू तुझ्या सासूला तरी ओळखतोस का! वाद व्हायचे, चहा थंड व्हायचा. गिल्बर्टचा एक नियम होता. एकाने नाव सांगितलं तर ते माझ्या डबीतल्या कार्डावर पेन्सिलीने लिहायचं. दुसऱ्या कोणी तेच नाव छातीठोकपणे सांगितलं, तरच पेनाने गिरवायचं. गिल्बर्ट मराठी शाळेत शिकलेला, त्यामुळे सगळी इंग्रजी नावं तो देवनागरीतच लिहायचा. दहा ट्यूनची नावं अशी एकेक करून पेनात आली. त्या दिवसांत माझा काय तोरा होता म्हणून सांगू!

अकरावी ट्यून मात्र रेडिओची नव्हती.

गिल्बर्टचे वडील पास्कल ट्रंपेट वाजवायचे. लग्नाच्या बँडमध्ये आयुष्य गेलं, पण जीव जॅझमध्ये. एका सकाळी त्यांनी स्वतः बांधलेली ट्यून पडवीत बसून वाजवली आणि गिल्बर्टने ती माझ्यात भरली. आधी त्याचा आवाज आहे, "पापा, चालू झालंय. वाजव ना." मग म्हातारा हसतो, खाकरतो. मग ट्रंपेट. मधेच शेजारचा कोंबडाही आरवतो. वाजवून झाल्यावर, मला बंद करून, गिल्बर्टने नाव विचारलं तर पास्कल म्हणाले, "नाव नंतर ठेवू रे." ते नंतर काही आलं नाही. पंधरा दिवसांत पास्कल गेले. गिल्बर्टने कार्डावर पेन्सिलीने एकच शब्द लिहिला, 'पापाचं'. मग माझ्या डोक्यावरचे दोन्ही प्लास्टिकचे कान मोडून टाकले. ते मोडले की माझ्यावर दुसरं काही भरता येत नाही. ही ट्यून त्याने पुढे कोणालाच ऐकवली नाही. ऐकली की त्याला रडू यायचं.

विद्याधर त्या पडवीत आला तो दहा वर्षांनी. जोगेश्वरीचा, कोकणातल्या कुटुंबातला, बुवांच्या भजनात पेटी वाजवणारा. त्याचा कान तीक्ष्ण होता. माझी फीत अडकली तर तोच पेन्सिल घालून हळूहळू गुंडाळायचा. तेव्हाचा त्याचा हात मला अजून आठवतो, म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

तीन वर्षांपूर्वी गिल्बर्ट गेला. त्याची मुलगी मेलनी मालाडला राहते. तिच्याकडे टेपरेकॉर्डर नव्हता. तिने आम्हा सगळ्या कॅसेटींचं खोकं विद्याधरच्या हातात दिलं.

"अंकल, डॅडी सांगायचा, ग्रँडपाचं ट्रंपेट कुठल्यातरी कॅसेटवर आहे. मी कधी ऐकलंच नाही. सापडलं तर पहिलं मला सांगा हां."

"तुला नाही तर कोणाला सांगणार गं?" विद्याधर म्हणाला. हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे.

विद्याधरच्या फोनवर जॅझ ऐकणाऱ्यांचा एक ग्रुप होता. नाव माहीत नसलेली ट्यून तिथे टाकायची आणि सगळ्यांनी मिळून ओळखायची. जुन्या पडवीचीच नवी आवृत्ती. बाकीच्या कॅसेटींतल्या कितीतरी ट्यूनना तिथे नावं मिळाली. मग माझी अकरावी आली. विद्याधरने मला पुढे पळवताना नेमका सुरुवातीचा तुकडा ओलांडला आणि थेट ट्रंपेटपासून उतरवून घेतलं. कार्डावरचा शब्द वाचला, 'पापाचं'. वर्षानुवर्षं गिल्बर्टच्या घरी चहा प्यायलेला हा माणूस, पण त्याच्या घरी वडिलांना अण्णा म्हणत. त्याला वाटलं, पाप! गिल्बर्टने इंग्रजी नावाचं मराठी केलं असणार.

झालं, सगळा ग्रुप पाप शोधायला निघाला. महिनाभर शोधून कोणीतरी परदेशातल्या एका विसरलेल्या बँडचं नाव काढलं. दुसऱ्याने दुजोरा दिला. गोरेगावच्या एका हॉलमध्ये रविवारी सकाळी कार्यक्रम ठरला. दुर्मिळ ध्वनिमुद्रण, शोधक विद्याधर. पत्रिकेवर त्याचा कोट घातलेला फोटोही आला.

त्याच आठवड्यात मुलुंडच्या क्षमाने ग्रुपवर आवाजी निरोप टाकला. ती त्या ग्रुपमधली सगळ्यात चिवट मुलगी. "काका, मागे कोंबडा आरवतोय ना! स्टुडिओत कोंबडा कुठून आला? मूळ कॅसेट पहिल्यापासून ऐका ना प्लीज."

विद्याधरने मला मागे फिरवलं आणि लावलं.

"पापा, चालू झालंय. वाजव ना."

त्याने मला थांबवलं. पुन्हा लावलं, पुन्हा थांबवलं. त्याला सगळं कळलं, मित्रांनो. त्याने फोन उचलून मेलनीचा नंबर काढला. मला वाटलं, आता सांगणार. तेवढ्यात त्याची नजर टेबलावरच्या पत्रिकेवर गेली आणि त्याने फोन उपडा ठेवला. ड्रॉवरमधून चिकटपट्टी काढली. गिल्बर्टने मोडलेल्या माझ्या कानाच्या भोकावर ती लावली; भोक बुजलं की माझ्यावर पुन्हा भरता येतं. मग रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. नऊ सेकंद. गिल्बर्टचा आवाज गेला, पास्कलचं हसू गेलं. त्या जागी विद्याधरच्या पंख्याची घरघर भरली.

मला ओरडताही आलं नाही. मी फक्त भरलेलं परत देऊ शकते.

क्षमाला त्याने कळवलं, "सुरुवातीला नुसती खरखर आहे. कोंबडा रेडिओशेजारचा असेल."

कार्यक्रमाला मेलनीही आली. डॅडीच्या कॅसेटचं कौतुक होणार म्हणून नवा ड्रेस घालून, पहिल्या रांगेत बसली. विद्याधरने 'पाप' या शब्दावरून शोध कसा लागला ते भाषणात सांगितलं, ट्यून ऐकवली, टाळ्या घेतल्या. मग मला आणि माझ्या कार्डाला लोकांच्या हातात फिरवलं. कार्ड मेलनीकडे आलं. तिने तो शब्द वाचला आणि ती उभीच राहिली.

"अंकल, हे पाप नाही हो! हे पापाचं. आमच्या पापाचं. डॅडी ग्रँडपाला पापा म्हणायचा."

क्षमा मला उलटसुलट करून बघत होती. "काका, कान मोडलेत आणि वर ही नवी पट्टी. कोणी लावली?"

विद्याधरने हातातली पत्रिका खिशात सारली.

"सुरुवातीला काय होतं, अंकल?" मेलनीने विचारलं.

तो म्हणाला, "गिल्बर्ट बोलत होता."

"काय बोलत होता?"

"पापा, चालू झालंय. वाजव ना."

मेलनीच्या बापाचे ते शब्द तिला मिळाले, पण विद्याधरच्या तोंडून. आता ते दुसरीकडे कुठेच नाहीत.

मेलनीने पेन मागितलं. डॅडीचा नियम तिला लहानपणापासून ठाऊक होता. "दुसरं कोण सांगतं?" तिने विचारलं. "मी," क्षमा म्हणाली. नियम पुरा झाला. मेलनीने पेन्सिलीतलं ते 'पापाचं' नीट गिरवलं. चिकटपट्टीही क्षमानेच नखाने सोलून काढली.

सध्या मी मालाडला मेलनीच्या कपाटात आहे. क्षमाने तिला एक जुना टेपरेकॉर्डर मिळवून दिला आहे. विद्याधर दोनदा दारापर्यंत येऊन गेला. मेलनीने त्याला पाणी दिलं, बसायला सांगितलं नाही. मीही त्याला माफ केलेलं नाही. परक्याने पुसलं असतं तर एवढं लागलं नसतं.

मित्रांनो, एक मागणं आहे. जुन्या वस्तूवरचा शब्द कळला नाही, तर तो ज्या घरातला आहे त्या घरी विचारा. आणि कोणी मोडून ठेवलेले कान पट्टी लावून बुजवू नका. मेलनी दर रविवारी मला लावते. ट्रंपेट सुरू होण्याआधी नऊ सेकंद ती विद्याधरचा पंखा ऐकते.