एडक्याच्या गळ्यातली साखळी

सांगायला लावताय म्हणून सांगतो, नाहीतर भिंतीवर टांगलेल्याला कोण विचारतं. मी एडका बोलतोय. रानातला, पण लाकडाचा. मोठ्या कचेरीत साहेबाच्या खुर्चीमागे राष्ट्रचिन्ह आहे ना, त्यात ढालीला पाय लावून उभा आहे तो मीच.

मला कोरलं एका म्हाताऱ्या सुतारानं. बायको त्याला म्हणाली, "अहो, शिंगं केवढी ती. मान मोडेल त्याची."

"मोडेल, पण वाकायची नाही. हा कुणाच्या दावणीला बांधलेला नाही, म्हणून तर देशाच्या ढालीशी उभा केलाय."

माझा अर्थ एवढाच. मला तो पटला होता.

पण शिंगं खरंच जड झाली. भिंतीवर चढवल्यावर मी पुढे कलायला लागलो, साहेबाच्या टकलावर पडायच्या बेतात. दुसऱ्या दिवशी मंत्रीणबाई येणार. शिपाईमामांनी कुठूनशी साखळी आणली, माझ्या गळ्यात घातली नि भिंतीतल्या हुकाला अडकवली. "कळ काढ बाबा. बाई गेल्या की भिंतीला पक्का करून सोडतो."

बाई आल्या. "ही साखळी कशाची हो?"

साहेब शिपाईमामांकडे बघायला लागला. पाण्याचा ट्रे धरलेले शिपाईमामा बोलून गेले, "संयमाची, बाई. ताकद आहे, पण आवरलेली."

"वा, काय विचार आहे."

झालं. फोटो निघाला, आणि नाण्यांवर, तिकिटांवर, शिक्क्यांवर मी साखळीसकट छापला गेलो. आता मास्तर पोरांना घेऊन येतात नि मला दाखवून संयम शिकवतात. माझा नुसता जळफळाट होतो.

सुतार गेल्यावर त्याची बायको एकदा आली. "याला बांधलं कुणी?"

"आजी, ते प्रतीक आहे," साहेब म्हणाला.

"प्रतीक तुमच्या घरी बांधा. माझ्या माणसानं याला मोकळा दिला होता."

चहा पाजून तिची बोळवण केली. शिपाईमामा दारातच होते. एक शब्द बोलले असते तर मी सुटलो असतो. ते फरशीकडे बघत राहिले.

परवा भिंत दुरुस्त झाली. गवंड्यानं मला मागून बोल्ट मारून पक्का केला आणि साखळी काढली. जेवणाच्या सुट्टीपुरता गळ्याला वारा लागला. मग नवे साहेब आले, खिशातल्या नाण्याशी मला ताडून बघितलं. "साखळी कुठाय?"

"साहेब, तिनं आता काहीच धरलेलं नाही," गवंडी म्हणाला.

"चिन्हात आहे ना? मग घाला."

घातली. आता ती कुणी काढणार नाही, हे मला कळून चुकलंय. साहेब लोकांना खरं ठाऊकच नाही, त्यांच्यावर काय रागवायचं. खरं ज्याला ठाऊक आहे तो पेन्शनच्या कामाला अजून इथं येतो, माझ्या शिंगांवरची धूळ पुसतो, आणि माझ्या डोळ्याला डोळा न देता निघून जातो. चुकलं म्हणायला काय जातं त्याचं. माफी मला एकाच माणसाची हवी आहे, शिपाईमामांची.